तलावाचे फोटो नेमके कोणत्या ऋतूत काढायचे? आधी पाण्याची पातळी बघा

तुम्ही विचारलंय की वर्षभरात सात-आठ वेळा भंडारदरा आणि पवना करून झालं, क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, सोबत आलेली किटची १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे, तरी फोटो सपाट येतात, मग तलावासाठी सगळ्यात चांगला ऋतू कोणता आणि आता अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स घेऊ का. लेन्सचं शेवटी सांगतो कारण ते सोपं आहे, आधी ऋतूचं बघू.

मी नाशिकचा, भंडारदरा आमच्यापासून सत्तरेक किलोमीटर, त्यामुळे गेली सतरा वर्षं महिन्यातून एकदा तरी तिकडे चक्कर होतेच, कधी कामासाठी, कधी उगाच. एवढ्या फेऱ्यांनंतर एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, आपल्याकडचे बहुतेक तलाव हे तलाव नाहीतच, धरणांचं अडवलेलं पाणी आहे. भंडारदऱ्याला आर्थर लेक म्हणतात तो १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन डॅमने अडवलेल्या प्रवरेचा फुगवटा. पवना तसंच, मुळशी तसंच, भिगवणचं सगळं पक्षीवैभव म्हणजे उजनीचं बॅकवॉटर. त्यामुळे इथे ऋतू कॅलेंडरवर बघून कळत नाही, पाणी किती आहे त्यावर कळतो. धरण भरलेलं असताना आणि शेतीसाठी पाण्याची दोन-तीन आवर्तनं सुटल्यावर एकच जागा ओळखू येत नाही. मी निघायच्या आधी हवामानाचं ॲप नंतर बघतो, पहिल्यांदा पेपरातला धरणसाठा बघतो. भंडारदऱ्याची क्षमता ११,०३९ दलघफू (दशलक्ष घनफूट), हा आकडा तिकडच्या शेतकऱ्याला जसा पाठ असतो तसा मलाही झालाय, आणि साठा साधारण किती असला की काठावरच्या मुरशेत गावाजवळचा माझा दगड पाण्याबाहेर येतो हेही.

तुमच्या सपाट फोटोंचं अर्धं कारण इथेच आहे असं मला वाटतं. तुम्ही शनिवारी दुपारी पोचता, पाणी काठोकाठ असतं, मग काठावरच्या झाडीतून किंवा टेंटच्या समोरून वाइड मारता, वर पांढरं आकाश, मधे डोंगराची बारीक पट्टी, खाली राखाडी पाणी, झालं. काठच शिल्लक नाही तर फोरग्राउंड, म्हणजे फ्रेममध्ये पुढे काहीतरी, आणणार कुठून. उरलेलं अर्धं कारण म्हणजे वारा आणि वेळ, त्यावर येतोच.

पाऊस संपतानापासून सुरू करतो कारण आमचं वर्ष तिथूनच सुरू होतं. धरण साधारण ऑगस्टच्या मध्याला भरतं, पंधरा ऑगस्टच्या आत भरलं की नाही यावर तिकडे पैजा लागतात. सप्टेंबरमध्ये रतनगडाच्या अंगावर सोनकी फुलते, खुरसणीची शेतं पिवळीधमक होतात, ऊन-सावलीचा खेळ चालू असतो आणि हवा धुऊन निघालेली असते. या दिवसांत ढगांच्या फटीतून उन्हाचा एकच झोत पाण्यावरून सरकत जातो, तो पकडायला धावायचं नाही. आधी फ्रेम लावून ठेवायची आणि झोत तुमच्या डोंगरावर येईपर्यंत बसून राहायचं. मला एकदा पावणेतीन तास बसावं लागलं आणि उजेड आला तो जेमतेम चाळीस सेकंद. पण तेवढ्यात सहा फ्रेम झाल्या, त्यातली एक अजून घरात टांगलेली आहे.

ऑक्टोबर हीटला लोक शिव्या घालतात पण संध्याकाळचे रंग मला सगळ्यात जास्त याच महिन्यात मिळाले. भात पिकून पिवळं झालेलं असतं, पाणी अजून जवळपास भरलेलं, आणि परतीच्या पावसाचे मोठे गोभीसारखे ढग दुपारनंतर चढतात. सूर्य बुडाल्यावर सामान आवरू नका. खरा रंग दहा-पंधरा मिनिटांनी येतो, तोपर्यंत निम्मी पब्लिक गाडी काढून गेलेली असते. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर आटपतो, वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास, युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून तासभर ब्लू अवर, म्हणजे सूर्य बुडाल्यावरचा निळसर उजेड, मिळेल म्हणून थांबाल तर अंधारात चाचपडत बसाल.

आता मुख्य काळ, नोव्हेंबर ते जानेवारी. माझं प्रामाणिक मत विचाराल तर तुम्हाला वर्षात चारच चकरा शक्य असतील तर तीन याच दिवसांत घाला आणि तिन्ही पहाटे. कारण वाफ. रात्री आकाश निरभ्र असेल आणि वारा नसेल तर डोंगरउतारावरची हवा गार होते आणि जड होऊन खाली पाण्यावर उतरते, पाणी मात्र दिवसभराची ऊब धरून असतं, त्याच्या वाफेचे त्या गार हवेत लगेच बारीक थेंब होतात आणि पाण्यावर कमरेएवढं धुकं तरंगायला लागतं. हे उजाडायच्या थोडं आधीपासून ऊन पाण्याला लागेपर्यंतच असतं. ओळखायचं कसं, तर रात्री झोपायच्या आधी गाडीच्या टपावर हात फिरवा. दव पडून टप ओला असेल आणि चांदण्या लख्ख दिसत असतील तर साडेपाचचा अलार्म लावा. ढगाळ असेल तर खुशाल झोपा, वाफ येत नाही.

एक सकाळ सांगतो. डिसेंबरचा पहिला आठवडा, मुरशेतच्या खालच्या अंगाला काठावर ट्रायपॉड लावलेला, बोटं इतकी बधिर की शटरचं बटण दाबलं गेलं की नाही कळेना म्हणून टायमर लावला. पाणी आरशासारखं, त्यावर धुक्याचा थर, थराच्या वर रतनगडाचा माथा तेवढा तांबूस झालेला. सगळं होतं पण फोटोत जीव नव्हता. तेवढ्यात धुक्यातून ट्यूबवर बसलेला एक मासेमार बाहेर आला, जाळं ओढत, आवाज फक्त पाण्याचा चुळुक चुळुक. तो फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यातून मध्याकडे यायला साताठ मिनिटं लागली असतील, मी शटर १/६० वर होतो, तो हलत होता म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० वरून ४०० केला आणि १/२५० वर आलो. तो काठाला लागला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काय घावलं का?" मी म्हटलं घावलं. त्याने पाटीतले चार मरळ दाखवले, म्हणाला "मला बी."

थंडीतल्या या पहाटेच्या फोटोत दोन गोष्टी लोक हमखास चुकवतात. एक, प्रतिबिंब हे खऱ्या दृश्यापेक्षा नेहमी गडद असतं, साधारण एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा), कधी जास्त. म्हणून पाण्यातला डोंगर वरच्या डोंगराइतका उजळ करायला गेलात की फोटो खोटा दिसतो, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं. एडिटिंगमध्ये खालचा भाग उचला पण वरच्यापेक्षा थोडा मागेच ठेवा. दुसरं, कॅमेऱ्याचं मीटर धुकं दिसलं की घाबरतं आणि सगळं राखाडी करून टाकतं, तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर घ्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा, मागच्या स्क्रीनवर विश्वास नको, पहाटेच्या अंधारात स्क्रीन कायम उजळच वाटते.

आणि वारा. ऊन चढलं की डोंगर तापतात आणि हवा हलायला लागते, साडेआठच्या पुढे पाण्यावर लहरी आल्याच म्हणून समजा, मग प्रतिबिंब विसरा. संध्याकाळी उलट होईल अशी आशा असते पण बहुतेक वेळा पाणी शांत होईपर्यंत अंधार पडलेला असतो. त्यामुळे 'आम्ही दिवसभर तिथेच होतो' याला काही अर्थ नाही, सहा ते आठ होतात का ते सांगा.

अजून एक, सूर्य. एकाच जागेवर वर्षभर जाऊन बसा म्हणजे समजेल की जून आणि डिसेंबरमध्ये सूर्य मावळण्याच्या जागेत आपल्याकडे जवळजवळ ५० अंशांचा फरक पडतो. भंडारदऱ्याच्या धरणाजवळच्या शेंडी गावाच्या बाजूने बघितलं तर डिसेंबरात सूर्य रतनगडाच्या उजव्या अंगाला, तसा जवळच बुडतो. मे संपेपर्यंत तो सरकत सरकत अलंग-कुलंगच्या दिशेला गेलेला असतो. म्हणजे तुम्ही कोणाचा तरी गाजलेला डिसेंबरातला फोटो बघून एप्रिलमध्ये त्याच दगडावर उभे राहिलात तर उजेडच वेगळ्या बाजूने येणार. फोनवर सूर्याची दिशा दाखवणारी फुकट ॲप आहेत, पण मी अजूनही घरी कागदावर तलावाचा आकार काढून त्यावर महिन्यांच्या रेघा मारून ठेवतो, बायको त्याला माझी पत्रिका म्हणते.

थंडीतच उजनीला एक फेरी मारा, ती मात्र वेगळ्या हिशोबाने. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला बदकं, पट्टकादंब, कुरव आणि नशिबात असतील तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. तिथे पाणी खूप भरलेलं असलं तर रोहित फार जवळ येत नाहीत कारण त्यांना उथळ चिखलाचं पाणी लागतं, म्हणून पाणी उतरायला लागलं की, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीनंतर, चित्र जास्त बरं. नावाड्याला आधीच सांगा की थव्यात घुसवू नको, वाऱ्याच्या बाजूला लांब थांबव. उडवून फोटो काढणाऱ्यांबद्दल मी इथे लिहिलं तर भाषा बिघडेल. आणि तिथे लँडस्केपवाल्याने ५५-२५० सारखी साधी टेली (दूरचं जवळ आणणारी लेन्स) लावून पक्षी बारीक ठेवून काढावं, क्षितिजावर दूरची झाडं, मधे गुलाबी रेघ, बास.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलतात, काठावर पानं नसलेली पण फुलांनी लाल झालेली झाडं मिळतात, हा काळ छोटा आहे, दहा-बारा दिवस इकडे-तिकडे झाले की संपतो.

उन्हाळ्याला सगळे टाळतात आणि मला तोच आवडतो. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं, लाल-तपकिरी मातीचा उघडा पट्टा दिसायला लागतो, त्यावर पाणी टप्प्याटप्प्याने हटल्याच्या रेघा असतात, समोच्च नकाशासारख्या. दगड, जुन्या बांधांच्या ओळी, वाळलेले बुंधे, भेगा पडलेला गाळ, हे सगळं फोरग्राउंड सहा महिने पाण्याखाली होतं. उजनीला पाणी बरंच उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर बाहेर येतं, ते बघायला लोक लांबून येतात. पातळी उतरण्याचं टोकाचं उदाहरण लोणार, तिथे जून २०२० मध्ये सरोवर चक्क गुलाबी झालं, पाणी आटून क्षार वाढले की त्यात तग धरणारे सूक्ष्मजीव माजतात, त्यांचा तो रंग होता. तो रंग मिळेल म्हणून दरवर्षी जाऊ नका, पण पाणी कमी झालं म्हणून घरीही बसू नका.

उन्हाळ्यात हवा धुरकट असते. आमच्याकडे याच दिवसांत राब भाजतात, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करतात, त्याचा धूर संध्याकाळी दरीत थर करून बसतो. वाइडने हा धूर म्हणजे घाण दिसते, पण २०० मिलिमीटरवर डोंगराच्या एकामागे एक पाच-सहा घड्या अशा फिकट होत जातात की रंगाची गरजच राहत नाही, ब्लॅक अँड व्हाइट करा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळवाचे ढग चढतात. चारनंतर घाटमाथ्यावर काळा पहाड उभा राहतो आणि त्याच्याखाली पाणी विचित्र हिरवट-पिवळं दिसतं. हे काढा, पण पहिला गडगडाट ऐकला की गाडीत बसा. उघड्या काठावर तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉड यांच्यापेक्षा उंच काहीच नसतं.

गाळाबद्दल जरा गंभीरपणे सांगतो. वरून वाळून भेगा पडलेला गाळ आतून लोण्यासारखा असतो. मी एकदा मेमध्ये, अजून चार पावलं पुढे गेलो तर भेगा छान येतील म्हणून गेलो आणि मांडीपर्यंत आत. कॅमेरा वर धरून आडवा झालो, सॅक पुढे टाकून तिच्यावर भार देत बाहेर यायला अर्धा तास लागला, एक बूट अजून तिथेच आहे. तेव्हापासून नियम, म्हशींच्या खुरांच्या वाटेनेच पाण्याकडे जायचं, जिथे म्हैस जात नाही तिथे मीही जात नाही. ट्रायपॉडचे पायही हळूहळू रुततात आणि तीस सेकंदाचं एक्स्पोजर हलतं, म्हणून मी लोणच्याच्या बरणीची तीन प्लास्टिकची झाकणं बॅगेत ठेवतो, पायाखाली घातली की काम होतं.

रात्रीचं म्हणाल तर मेच्या मध्यात अमावस्येच्या आसपास, रात्री पावणेतीनच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा थेट दक्षिणेला असतो, म्हणजे उत्तर काठावरून पाण्यापलीकडे बघताना समोरच. तुमच्या किट लेन्सवर १८ मिलिमीटर, ॲपर्चर एफ ३.५, १५ सेकंद, आयएसओ ३२०० पासून सुरू करा. पवन्याला हे जमणं अवघड, कॅम्पच्या रंगीत दिव्यांनी काठ उजळलेला असतो. काजव्यांचं मी मुद्दाम जास्त लिहीत नाही. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हिरडा-बेहडा-जांभळावर असतात, फोटोसाठी टॉर्च, फ्लॅश काहीही नको, आणि शनिवार-रविवारी तर जाऊच नका, हेडलाइटच्या रांगांत काजवा कुठला आणि गाडी कुठली कळत नाही.

पावसाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. आमच्याकडे घाटघरला चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही, तिथे दिवसच्या दिवस दहा फुटांपलीकडे दिसत नाही. या काळात तलावाचा नाद सोडा आणि भातखाचरांकडे वळा. आवणीच्या दिवसांत प्रत्येक खाचर हा एक छोटा तलावच असतो, त्यात डोंगराचं, ढगाचं, वाकून रोपं लावणाऱ्या बायांचं प्रतिबिंब. विचारून काढा, आणि बांधावरून चाला, बांध तुडवला तर पाणी फुटतं आणि शिव्या खाव्या लागतात, ज्या मी खाल्ल्यात आणि रास्त होत्या.

याच दिवसांत पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर, खरा उपयोगी पडतो. लोकांना वाटतं तो निळ्या आकाशासाठी असतो. ओल्या पानांवर, ओल्या खडकांवर आभाळाची पांढरी चकाकी असते ती तो काढून टाकतो आणि हिरवा खरा हिरवा दिसतो, हे नंतर कॉम्प्युटरवर करता येत नाही. फक्त हिवाळ्यात प्रतिबिंब काढताना तो फिरवून बघा किंवा काढूनच ठेवा, नाहीतर ज्याच्यासाठी पहाटे उठलात तेच पुसून जाईल. अध्येमध्ये फिरवून थोडं प्रतिबिंब, थोडा पाण्याखालचा दगड असं दोन्ही ठेवता येतं, हा खेळ डोळा लावून करायचा. दीड-दोन स्टॉप उजेड खातो हे लक्षात असू द्या.

कॅमेऱ्याला हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप, लेन्स पुसायला जुना सुती पंचा, मायक्रोफायबर दोन पुसण्यांत ओला होऊन नुसता पाणी पसरवतो. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर लेन्सवर आतून-बाहेरून दव धरतं, बॅग रात्री व्हरांड्यात ठेवा, गाडीतही शेवटचा अर्धा तास एसी बंद. आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत कोंबून ठेवू नका. माझी एक चांगली ७०-२०० लेन्स बुरशीने गेली, एकाच पावसाळ्यात, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी, दुरुस्तीवाल्याने बघून नुसती मान हलवली. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि दीड-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परता, परत निळे होतात, घरच्यांच्या नकळत करा.

राहिला लेन्सचा प्रश्न. अल्ट्रावाइड आत्ता घेऊ नका. तलावाच्या फोटोत आधीच पाणी आणि आकाश जास्त, डोंगर कमी. १० मिलिमीटरवर रतनगड मुंगीएवढा होतो आणि तुमचा सपाटपणा दुप्पट. त्याच पैशात सेकंडहँड ५५-२५०, एक बरा पोलरायझर आणि वाऱ्यात न डुलणारा ट्रायपॉड येतो, वर गमबूट येतील. ५०-६० मिलिमीटरवर येऊन, गुडघ्यावर बसून, दगड पुढे घेऊन एफ ११ ला काढा आणि तोच दगड वर्षभर काढा. आत्ता आवर्तन चालू असेल तर पाणी रोज थोडं थोडं उतरत असणार, या शनिवारी दुपारी न जाता शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला या आणि झोपायच्या आधी टपावर हात फिरवा.